खाराचे पैसे: शिकागोतली पोलिश दुकानं आणि व्हाइटिंगचा पिएरोगी फेस्ट, आठ महिन्यांनंतर

आधी भांडणाचं सांगते, कारण लिहायला बसले ती त्यापायीच. मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने फोन करून विचारलं, "पोलिश काकड्या कुठून आणतेस गं?" आणि मी तिला वीस मिनिटं एकाच दुकानाबद्दल सांगत राहिले, तेही जिथून आणत नाही त्या. तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं.

आम्ही शिकागोच्या वायव्येकडच्या उपनगरात राहतो. मिलवॉकी अव्हेन्यू, बेलमॉन्ट-सेंट्रल, हार्लेम अव्हेन्यू, नाइल्स या पट्ट्यात पोलिश दुकानं किती आहेत हे इथल्या कुणाला सांगायला नको. देशी वाणसामानासाठी डेव्हॉन अव्हेन्यू गाठायचं तर आम्हाला पाऊण तास लागतो, आणि पोलिश दुकान सात मिनिटांवर. जानेवारीतल्या बर्फात तो पाऊण तास नकोसा झाला म्हणून मी या दुकानांत शिरले. आता सप्टेंबर उजाडलाय आणि दर आठवड्याची फेरी चालूच आहे. तीन दुकानं नेहमीची झाली. नावं देत नाही. कुणाचा धंदा बसवायचा नाहीये, माझा अनुभव सांगायचाय. पहिलं मोठं, दुसरं आजींचं आणि तिसरं युक्रेनियन, एवढं पुरे. आम्ही घरी मांसमच्छी खात नाही, अंडी चालतात. हे आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

पहिलं दुकान दिसायला अगदी छान. भरपूर पार्किंग, झगझगीत दिवे, दारातच नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र, आणि आत काउंटरच्या टोकाला लाकडी पिंपात काकड्या. या काकड्यांसाठीच मी तिथे जायला लागले. पोलिश दुकानात काकड्या दोन जातीच्या मिळतात हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 'कॉन्सेर्वोवे' म्हणजे व्हिनेगरातल्या, गोडसर, वर मोहरीचे दाणे, पाणी स्वच्छ. आणि 'किशोने' म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या, लसूण, हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ आणि शेपूचा तुरा घालून. हो, आपला शेपू. यांचं पाणी गढूळ असतं, आणि ते तसंच असायला हवं. गढूळ दिसतंय म्हणून मागे ठेवू नका, स्वच्छ दिसेल ते मागे ठेवा. पहिली किशोना काकडी चावली तेव्हा मला थेट आईच्या खारातल्या मिरच्या आठवल्या. तीच आंबट चव, जी लिंबाने येत नाही आणि चिंचेनेही नाही, नुसत्या दिवस जाऊ देण्याने येते.

तर मार्चमध्ये मी पाच-सहा काकड्या मागितल्या. काउंटरवरच्या मुलाने प्लास्टिकचा डबा घेतला, काकड्या टाकल्या, वरून पळीने काठोकाठ खार ओतला, झाकण लावलं आणि काट्यावर ठेवला. चिकटपट्टी निघाली: 1.94 पौंड, 3.99 डॉलर पौंडाने 7.74 डॉलर. पाच-सहा काकड्यांना पावणेआठ डॉलर! घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं पुन्हा तोललं. काकड्या निथळून 560 ग्रॅम, खार 320 ग्रॅम. म्हणजे 2 डॉलर 81 सेंट मी मिठाच्या पाण्याचे मोजले होते. आणि ते पाणी मी तोवर सिंकमध्ये ओतून टाकलंही होतं.

रक्कम किरकोळ आहे, कबूल. पण दर आठवड्याला घ्यायची वस्तू म्हटल्यावर वर्षाचे दीडशे डॉलरच्या आसपास होतात, आणि तेवढ्यात माझ्या मुलाचे हिवाळ्याचे बूट येतात. पुढच्या शनिवारी मी पावती घेऊन गेले. सांगितलं, काकड्या तोला आणि खार नंतर घाला. तो मुलगा म्हणाला, आमच्याकडे असंच तोलतात. मॅनेजरला बोलवा म्हटलं. मॅनेजर आले, शांतपणे ऐकून घेतलं आणि तेच म्हणाले. मग मी त्यांच्याच फळीवरची पोलंडहून आलेली काकड्यांची बरणी काउंटरवर ठेवली. तिच्यावर दोन वजनं छापलेली होती, निव्वळ वजन 860 ग्रॅम आणि निथळून 450 ग्रॅम. युरोपात पाण्यातल्या पदार्थांवर निथळलेलं वजन छापावंच लागतं. मी म्हटलं, बघा, तुमच्या देशातल्या कारखान्याला हा फरक सांगावासा वाटतो, मग तुम्हाला का नाही? ते म्हणाले, "ते तिकडचं, मॅडम. इथे असंच." मागे नंबर घेऊन उभे असलेले सहा-सात जण घड्याळं बघत होते. मी बाहेर पडले आणि पुढचे दोन महिने त्या दुकानाची पायरी चढले नाही.

रागाच्या भरात मी त्याच वेळी लिहिलं असतं तर ते वेगळंच झालं असतं, आणि अर्धं चुकीचंही.

आईला फोनवर ही सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती काट्याबद्दल, पैशांबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "अगं, खार ओतून टाकलास? सिंकमध्ये?" आमच्या घरी मिरच्यांची बरणी संपली तरी खार संपेपर्यंत ती धुवायला पडत नसे. भाकरीला लाव, ताकात घाल, कुणाचं तोंड आलं नसेल तर आमटीवर चमचाभर सोड. हे मला माहीत होतं. लहानपणी ती बरणी मीच तर पुसून खायचे. पण परदेशी दुकानातल्या प्लास्टिकच्या डब्यात आला म्हणून तो मला खार वाटलाच नाही, गढूळ पाणी वाटलं.

दुसरं दुकान मला त्यानंतर सापडलं. एका रांगेतल्या चार दुकानांमधलं, बाहेरून कपड्यांच्या दुरुस्तीचं वाटावं असं. आत पाच माणसं मावतात. काउंटरवर सत्तरीच्या आजी, अंगावर निळा एप्रन, चश्म्याला गळ्यातली दोरी. मी काकड्या मागितल्या. त्यांनी झाऱ्याने एकेक काकडी वर काढली, पिंपाच्या काठावर क्षणभर धरली, निथळू दिली, मग डब्यात. डबा काट्यावर. चिकटपट्टी निघाली, ती त्यांनी झाकणावर लावली. आणि मग झाकण हातात धरून मला विचारलं, "सोक?" पोलिशमध्ये सोक म्हणजे रस. मी हो म्हटलं. त्यांनी पळीभर, आणखी पळीभर, असा काठापर्यंत खार भरला. त्याचे पैसे नाहीत.

एवढंच. आधी तोलायचं, चिकटपट्टी लावायची, मग विचारायचं, मग ओतायचं. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात चार पायऱ्या मोजल्या. मार्चपासून मला जे म्हणायचं होतं ते या बाईंनी न बोलता करून दाखवलं होतं. मला खार विकत घ्यायलाही हरकत नव्हती. मला विचारलं नाही, याला हरकत होती. हे मला त्या दिवशी कळलं.

मी पुढे विचारलं की या पाण्याचं करायचं काय. आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "झुपा," त्या म्हणाल्या. झुपा म्हणजे सूप. 'झुपा ओगुर्कोवा', काकड्यांचं सूप: बटाटे, गाजर, किसलेल्या किशोने काकड्या, त्यांचा खार आणि शेवटी आंबट साय. पहिल्यांदा केलं तेव्हा मी सगळं एकदमच पातेल्यात टाकलं. चाळीस मिनिटं झाली तरी बटाटा टणक. पुढच्या आठवड्यात आजींना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. बटाटा पूर्ण शिजल्याशिवाय खार घालायचाच नाही, आंबटात बटाटा शिजत नाही. आपण डाळ शिजायच्या आधी चिंच घालतो का? तसंच. आता मी बटाटा मऊ झाल्यावर काकड्या घालते, पाच-सात मिनिटं उकळते, गॅस बंद करून चव बघत बघत खार सोडते आणि मीठ सर्वांत शेवटी, लागलंच तर. बहुतेक वेळा लागतच नाही. मुलगा दोन वाट्या खातो. मी वर हिंग-मोहरीची फोडणी देऊन पाहिली, तीही चांगली लागते. आजींना ते सांगितलेलं नाही.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात.

'त्वारूग' म्हणजे इथला ताजा चीज, दूध आंबवून, गरम करून, निथळून केलेला. पनीर आणि चक्का यांच्या मधला प्रकार समजा. कमी, मध्यम आणि भरपूर स्निग्धांशाचा मिळतो. भरपूरवालाच घ्या, कमीवाला खडूसारखा लागतो. मी गुढीपाडव्याला त्याचं श्रीखंड करायला गेले आणि रवाळ झालं. चीजकेकसाठी त्वारूग तीनदा दळायचा असतो हे आजींनी सांगितलं. रामनवमीला मी पुरणयंत्रातून दोनदा काढला, 18 टक्क्यांची 'श्मेताना' म्हणजे आंबट साय मिसळली, आणि श्रीखंड जमलं. डेव्हॉनच्या चक्क्याच्या जवळपास निम्म्या खर्चात. वेलदोडा जरा जास्त घालावा लागतो, कारण त्वारूगाला स्वतःचा एक आंबूस वास असतो.

'काशा याग्लाना' म्हणून सोललेल्या बाजरीसारख्या धान्याची पिशवी मिळते. वरीच्या तांदळासारखी दिसते आणि शिजतेही तशीच. मी खिचडीला वापरते. तीनदा धुवा, नाहीतर कडवटपणा राहतो.

पिएरोगींबद्दल मात्र सावध राहा. आकार आपल्या कानवल्याचा, आत सारण, उकळत्या पाण्यात शिजवलेले. 'रुस्क्ये' म्हणजे बटाटा, त्वारूग आणि कांदा, हे शाकाहारी. नावातलं रुस्क्ये रशियावरून नाही, रुथेनिया या जुन्या प्रांतावरून आलंय. 2022 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर पोलंडमधल्या बऱ्याच ठिकाणी त्यांना 'युक्रेनियन पिएरोगी' म्हणायला लागले. कोबी-मशरूमवालेही आपल्याला चालतात. पण प्रश्न सारणाचा नसून वरच्या कांद्याचा आहे. तयार गरम पिएरोगींवर परतलेला कांदा घालतात, आणि तो बऱ्याच ठिकाणी 'स्मालेत्स'मध्ये, म्हणजे डुकराच्या चरबीत परतलेला असतो. वर बारीक कुरकुरीत तुकडे दिसले तर तो कांदा नाही. "मांस आहे का?" असं विचारलं तर समोरचा मनापासून नाही म्हणतो, कारण त्याच्या लेखी चरबी म्हणजे मांस नव्हे. "बटर की स्मालेत्स?" असंच विचारायचं. हा एक प्रश्न पाठ करून ठेवला की निम्मी काळजी मिटते. राई ब्रेडबरोबर चवीला म्हणून छोटी वाटी समोर येते, त्यातलं पांढरं लोणी नसतं, तेही तेच.

तिसऱ्या, युक्रेनियन दुकानात मी फक्त बकव्हीटचा, म्हणजे कुट्टूच्या फुलांचा, मध आणि काळा ब्रेड घेते. दोन्ही उत्तम. चीज आणि हॅम एकाच यंत्रावर कापतात, म्हणून चीज अख्खं घ्यावं. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

फेब्रुवारीतल्या 'पाँच्की'च्या गुरुवारबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ, सुरू होण्याआधीचा तो गुरुवार, तळलेले गोल, आत गुलाबाचा मुरंबा. पहाटेपासून रांगा लागतात. मी एकदा उभी राहिले, पुन्हा राहणार नाही. तेही विचारूनच घ्या, परंपरेने चरबीत तळतात.

आता जुलै. व्हाइटिंग हे गाव शिकागोच्या दक्षिणेला, मिशिगन सरोवराच्या काठावर, इंडियानाच्या हद्दीत. 1889 पासून तिथे मोठी तेलशुद्धीकरण रिफायनरी आहे आणि तिच्या कामासाठी स्लोव्हाक, पोलिश, क्रोएशियन माणसं पिढ्यानपिढ्या तिथे वसली. त्यांच्या खाण्याचा उत्सव म्हणजे पिएरोगी फेस्ट, जुलैच्या अखेरीस तीन दिवस, 119व्या रस्त्यावर. शुक्रवारी संध्याकाळी मिरवणूक असते. आम्ही शनिवारी गेलो, त्यामुळे ती हुकली. तुम्ही शुक्रवारीच जा. डोक्याला रुमाल बांधलेल्या, फुलाफुलांचे झगे घातलेल्या 'बुशिया', म्हणजे इकडच्या पोलिश लोकांच्या आज्या, त्या मिरवणुकीतच बघायच्या असतात.

मी तयारीने गेले होते. पाण्याची बाटली, घरचा डबा, आणि मनात धरून चालले होते की शाकाहारी माणसाला तिथे मक्याच्या कणसापलीकडे काही मिळणार नाही. पहिल्याच स्टॉलवर माझा पाठ केलेला प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "बटर, हनी," (हनी म्हणजे इथे मध नव्हे, लाडाने 'बाळा') आणि कढईशेजारचं बटरचं उघडलेलं पाकीट उचलून दाखवलं. मी दुसऱ्या स्टॉलवर विचारलं, तिथेही कुणी वैतागलं नाही. चार ठिकाणी विचारलं, दोन ठिकाणी खाल्लं, उरलेल्या दोघांनी "आमचं तुम्हाला चालणार नाही, त्या पलीकडच्यांचं चालेल" असं स्वतःहून सांगितलं. उन्हात, एवढ्या गर्दीत, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवणारे दोघे! डबा आम्ही परत येताना गाडीत खाल्ला.

एका स्टॉलवर दोन बायका समोरच पिएरोगी वळत होत्या. पारीवर सारण, पारी दुमडायची, कडा आधी बोटांनी दाबायची आणि मग चिमटीने मुरड. मी इतका वेळ बघत होते की त्यातल्या एकीने पारी पुढे केली. मी करंजीची मुरड घातली, आपली नेहमीची, बारीक. तिने ती करंजी हातात घेऊन दुसरीला दाखवली, मग उकळत्या पाण्यात टाकली, आणि पाच मिनिटांनी तीच मला कागदी वाटीत घालून दिली. मुरड सुटली नव्हती.

आणि खार. एका काकडीवाल्याकडे मुलाने काडीला लावलेली काकडी घेतली. मी विचारलं, खार मिळेल का थोडा? त्याने मला एकदा नीट पाहिलं, कागदी पेला घेतला आणि बर्फाच्या पेटीतल्या पिंपातून भरून दिला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, उन्हात याच्याएवढं दुसरं काही नाही. समोर रिफायनरीच्या चिमण्या, डोक्यावर ऊन, आणि हातात गार, खारट, शेपूच्या वासाचा पेला. मला खरंच बरं वाटलं.

आजींना मी परत आल्यावर फेस्टबद्दल सांगितलं. बोलता बोलता त्यांनी विचारलं, तू भारतात कुठली? कोल्हापूर म्हटल्यावर अर्थातच काही कळलं नाही. मग मी त्यांना वळिवड्याचं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सैबेरियात हाकललेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे बाहेर पडली, त्यातले जवळपास 5 हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. पुढे त्याच बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी लोक वसले आणि आजचं गांधीनगर झालं, जिथून आमच्या घरातली लग्नाची कापडखरेदी होत आली. महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे, मी शाळेत जाता-येता बघितलेलं. आजींनी हातातला झारा खाली ठेवला आणि मला ते नाव कागदावर लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं. पुढच्या आठवड्यात तो कागद त्यांच्या गल्ल्याच्या मागे चिकटवलेला होता. त्या एवढंच म्हणाल्या की मुलीने फोनवर फोटो दाखवले. त्या दिवशी रांग होती, जास्त बोलणं झालं नाही.

ऑगस्टमध्ये एकदा आजींचं दुकान बंद होतं आणि घरी पाहुणे येणार होते, म्हणून नाइलाजाने पहिल्या दुकानात गेले. काउंटरवर नवी मुलगी होती. मी म्हटलं, काकड्या निथळून तोला, चिकटपट्टी लावा आणि मग खार घाला. तिने मान हलवली आणि तसंच केलं. ना मॅनेजर, ना वाद. त्यामुळे माझं मत मला थोडं बदलावं लागतंय: त्या दुकानात हे होऊ शकतं, मागितलं तर. पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मागितलं नाही, आणि त्यांचा डबा काठोकाठ भरूनच काट्यावर गेला. म्हणून पहिल्या दुकानाला माझे पाचपैकी अडीच, आणि ते ब्रेडसाठी, जो तिथला खरोखर चांगला आहे. आजींना पाच.

मैत्रिणीला मी आजींच्याच दुकानाचा पत्ता पाठवलाय. शनिवारी जाऊ नकोस, मंगळवारी सकाळी जा, पिंप तेव्हा नुकतं उघडलेलं असतं. आणि त्यांनी "सोक?" विचारलं की हो म्हण.